माणूस झोपलंय

आमची सरोजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला, ते साल एकोणीसशे शहाण्णव. पोर सव्वा महिन्याचं झालं होतं. सोलापुरातला वैशाख, त्यात डोक्यावर पत्रा. मी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होते. सरोजा बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. आणि आमचे हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले होते असं म्हणता येत नाही. नुसते पडले होते, एक डोळा उघडा ठेवून. दुसरा डोळा नव्हताच.

तेवढ्यात भिंतीपलीकडून धडाड् करून आवाज आला आणि सुपातली तंबाखू हलली.

"सुरू झाले मेले," मी म्हणाले.

सरोजा म्हणाली, "आज भर दुपारीच?"

ती पोरं रोज संध्याकाळी यायची. संध्याकाळचं मला चालायचं, कारण त्या वेळी हे घरात नसायचे. कुठं असायचे ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चालत राहायचे. बंद गिरणीच्या भोंग्यापर्यंत जायचे, परत यायचे, दाराची कडी हलवून बघायचे, पुन्हा निघायचे. शिवरात्रीपासून त्यांची झोप गेली होती. रात्री उठून बसायचे, दिवसा आडवे व्हायचे, आणि दोन्ही वेळेला तो एक डोळा छताला लागलेला. युनियनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी माणूस झोकांड्या खायला लागला, झोपला मात्र नाही. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे. मी लिंबूमिरचीही उतरवून टाकली. मग एके दिवशी एक अनोळखी रिक्षावाला त्यांना दाराशी सोडून गेला. म्हणाला, बसच्या समोर मध्येच उभे होते, सरकायलाच तयार नाहीत. घराचा पत्ता विचारला तर आईच्या गावाचं नाव सांगत होते, शेवटी विचारत विचारत आणलं. त्या दिवसापासून मला कळलं होतं की हे माझ्या हातातून चाललेत. भाकरी थापताना, विडी वळताना, बाळाला न्हाऊ घालताना माझं अर्धं लक्ष दाराकडं असायचं.

आम्ही राहायचो ती खोली गुर्रम शेठची. खोलीला लागूनच त्यांचा कारखाना, म्हणजे मागांची लांबलचक शेड. आमच्या वस्तीत तेवढी एकच. आमचे हे तिथं टॉवेल विणायचे. दिवाळीच्या आधी मागावरचा धोटा उडाला. धोटा म्हणजे पोटात सुताची कांडी घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा. एरवी तो दिसतही नाही इतका जोरात पळतो. तो सरळ डोळ्यात बसला. शेठनं दवाखाना केला, नाही म्हणत नाही. पण पुढं धंदाच बसला आणि शिवरात्रीला त्यांनी सगळे माग भंगारात घातले. एका डोळ्याच्या विणकऱ्याला दुसरा कुठला शेठ घेणार? निदान खोली तरी आमच्याकडं ठेवली होती, ती त्यांच्या मर्जीवर.

रिकाम्या शेडमध्ये मग शेठचा धाकटा मुलगा श्रीधर आणि त्याचे मित्र आले. श्रीधर कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलेला. पहिल्यांदा त्याला बघितलं तेव्हा त्याची पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली होती. शेठच्या घरची अशी दशा झाली की काय म्हणून मी सुईदोरा घेऊन गेले. तो म्हणाला, "अक्का, फाटली नाही, मीच फाडलीय." ड्रम वाजवणारा इम्तियाज, पानटपरीवाल्याचा. त्याचे हात कायम सोललेले. तिसरा एक दामोदर म्हणून होता, त्याच्या गळ्यात गिटार आणि तोंडात शब्द नाही. त्यांच्या बँडचं नाव 'खटका'. असलं कसलं गाणं, असं मी एकदा विचारलं तर श्रीधर म्हणाला, याला पंक म्हणतात. आमची सरोजा दहावी शिकलेली. ती आतून म्हणाली, "अम्मा, पंक म्हणजे चिखल." श्रीधर हसला. म्हणाला, ताई, तसंच समजा.

तर त्या दुपारी भिंत हादरायला लागली आणि मी तळमळून ह्यांच्याकडं बघितलं. आता हे उठणार, चप्पल घालणार, आणि या उन्हात निघणार. डांबर वितळत होतं रस्त्यावर.

हे उठले नाहीत.

मी सूप खाली ठेवून जवळ गेले. तोंड उघडं होतं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. डोळा मिटलेला. आधी मी नाकापुढं बोट धरलं. मग छाती वर गेली, खाली आली, आणि घशातून घुर्र निघालं. घोरत होते. शिवरात्रीनंतर पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला.

सरोजानं तोंडावर हात ठेवला. मी तिला बोटानंच गप्प राहा म्हणून खुणावलं. कसं काय लागलं माहीत नाही, शेवटी अंगच थकलं असेल, पण डोळा लागला होता. आणि भिंतीच्या पलीकडं तिघं राक्षस जीव खाऊन बडवत होते. कुठल्याही क्षणी दचकून उठणार. मग पुन्हा कधी?

ज्याच्या भिंतीला पाठ लावून राहायचं त्याच्या पोरावर ओरडायचं नसतं, एवढी अक्कल मला होती. शेठपर्यंत गेलं तर खोली जाईल, हेही डोक्यात आलं. पण पाय निघाले होते. पान कापायची कात्री हातातच राहिली होती, ती तशीच घेऊन मी बाहेरून वळसा घातला आणि शेडचा पत्र्याचा दरवाजा लाथेनं उघडला.

"बंद करा रे! माणूस झोपलंय! कळतंय का नाही? माणूस झोपलंय इथं!"

एका दमात सगळं थांबलं. इम्तियाजची काठी हातातच राहिली. शेड केवढी मोठी आहे ते मला तेव्हा कळलं, कारण माझं ओरडणं पत्र्याला लागून परत आलं. वर छताच्या कैच्यांना अजून कापसाचा भुरा लोंबत होता. खाली जिथं जिथं माग होते तिथं तेलाचे काळे चौकोन राहिले होते आणि त्यांच्या मधोमध ही पोरं उभी होती, घामानं निथळत.

श्रीधर हळूच म्हणाला, "अक्का, कात्री खाली घ्या की."

मी कात्री कमरेला खोचली. मग त्यानं सांगितलं ते असं. एका स्टुलावर एक मशीन ठेवलं होतं, त्याच्या दोन चकत्या फिरत होत्या. ते एका ऑर्केस्ट्रावाल्याचं होतं. दिवेलागणीला त्याला लग्नाच्या कार्यक्रमाला लागणार होतं. तेवढ्या वेळात त्यांना त्यांची सगळी गाणी भरून घ्यायची होती, पहिली कॅसेट काढायला. असं मशीन पुन्हा मिळणार नव्हतं. ह्या दिवसासाठी त्यांनी वर्षभर हातपाय आपटले होते.

"आज एक दिवस, अक्का. उद्यापासून तोंडातून आवाज काढणार नाही."

"आज एक दिवसच तर झोपलंय माणूस," मी म्हणाले. "तुमचं मशीन राहू दे तिकडं. माझा माणूस जगायला पाहिजे."

इम्तियाजनं काठ्या खाली ठेवल्या. म्हणाला, "मावशी, तुम्ही जावा. आम्ही थांबतो. अंबादासमामांना झोपू द्या."

श्रीधरनं त्याच्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता ह्यांच्यातच जुंपेल. पण मी वळले. जिंकूनच आले होते मी. वळसा घालून येताना पाऊल आपोआप हलकं पडत होतं. सगळीकडं कशी शांतता झाली होती. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

दारात आले तर हे उठून बसलेले.

बावचळून भिंतीकडं बघत होते. म्हणाले, "कांडी संपली काय?"

मला काही कळेना. सरोजाचं बाळही तेवढ्यात जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं.

"झोपा की," मी म्हणाले. "बंद करायला लावलंय मी. आता कुणी आवाज करणार नाही."

ते पडले. त्यांनी डोळा मिटला, उघडला, कूस बदलली. मग उठून बसले आणि पायानं चप्पल शोधायला लागले. मी चप्पल उचलून सुपाखाली लपवली. ते अनवाणीच दाराकडं निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांची वाट अशी कधी अडवली नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण ओळखीचं असं त्या डोळ्यात काही नव्हतं. बसच्या समोर उभं राहताना असाच डोळा असेल, असं माझ्या मनात आलं.

सरोजा बाळाला खांद्यावर थोपटत होती. म्हणाली, "अम्मा, एक सांगू? रागवू नकोस."

"सांग की."

"नान्ना झोपले ते आवाज सुरू झाल्यावर. हा पण तेव्हाच झोपला होता. तू बंद करून आलीस, दोघं उठले."

हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला आणि इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी दिसली नाही असं झालं. ह्यांची आई कांड्या भरायची. ह्यांना झोळीत घालून तिनं झोळी दोन मागांच्या मध्ये बांधली होती. आमच्यात सगळ्याच बायका बांधायच्या. पुढं हे दहा वर्षांचे झाल्यापासून मागाखालीच झोपले. लग्न होऊन मी आले तेव्हा पहिले सहा महिने त्या खटक-खटकीनं माझंच डोकं उठायचं आणि हे माझ्या शेजारी डाराडूर. रात्रीची लाईट गेली आणि माग थांबले, की ताडकन उठून विचारायचे, कांडी संपली काय? जन्मल्यापासून या माणसाला कुणी शांततेत झोपवलंच नव्हतं. आणि आम्ही सगळे, डॉक्टरसुद्धा, तीन महिने सांगत होतो, घरात आवाज करू नका.

हे सगळं कळलं, पण आता पुढं काय? आत्ताच मी कात्री घेऊन आरडाओरडा करून आले होते. त्या पोरांपुढं आता कुठल्या तोंडानं जायचं? सरोजाला म्हणाले, तू जा. ती म्हणाली, सव्वा महिन्याच्या बाळंतिणीला उन्हात पाठवतेस? आणि ओरडली तू, मी नाही.

मी तिला ह्यांच्याजवळ दारात बसवलं आणि पुन्हा वळसा घातला.

पोरं तशीच होती. श्रीधर जमिनीवर, तेलाच्या डागावर बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. दामोदर गिटारच्या तारेला बोट लावून ती वाजू नये असा उभा. स्टुलावरच्या चकत्या फिरतच होत्या. मशीन बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मला बघून इम्तियाजनं कानाला हात लावला, म्हणजे आम्ही काही केलं नाही.

काय बोलावं ते मी येताना ठरवलं होतं, पण दारात उभी राहिले आणि ते सगळं विसरले. मी पत्र्याला धरलं.

"वाजवा रे," मी म्हणाले.

श्रीधरनं डोकं वर केलं.

"वाजवा तुम्ही. थांबू नका. जोरात वाजवा."

"अक्का, झोपलेत ना मामा?"

"नाही झोपले. तुम्ही थांबलात म्हणून उठले. वाजवा बाबा, हात जोडते."

त्या पोरांना काही कळलं नसणार. पण इम्तियाजनं काठ्या उचलल्या आणि चार वेळा एकमेकींवर आपटल्या, आणि मग जे सुरू झालं ते मी पहिल्यांदा समोर उभी राहून ऐकलं. त्यात गाणं असं काही नव्हतं. नुसती खटक-खटक होती, चिडलेली, धावणारी, आणि तिच्यावर श्रीधर गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, बापानं विकलेल्या मागांबद्दल आणि कुणी काम देत नाही त्याबद्दल. शब्द शिवराळ होते. मी तरी खाली मान घालून ऐकून घेतले.

परत आले तर हे दारातच बसले होते, भिंतीला टेकून, डोकं सरोजाच्या खांद्यावर पडलेलं. आम्ही दोघींनी धरून त्यांना आत आणलं. बाळ कधीच झोपलं होतं. पोरं थांबून थांबून वाजवायची. प्रत्येक गाणं संपलं की ह्यांच्या पापण्या हलायच्या आणि आम्ही दोघी श्वास धरायचो. पुढचं सुरू झालं की पुन्हा घुर्र. दिवेलागणीला मशीन गेलं, पण पोरं गेली नाहीत. इम्तियाज एकटाच बसून हळूहळू ठोका देत राहिला, हात दुखेपर्यंत.

पावसाळा उतरेपर्यंत ती पोरं रोज दुपारी यायची आणि वाजवायची. मी त्यांना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी द्यायची. हे झोपायला लागले तसे माणसात आले. एका ओळखीच्या रंगखात्यात सुताच्या लडी वाळत घालायचं काम मिळालं. त्याला एक डोळा पुरतो.

दसऱ्याला शेड विकली गेली. त्याआधी कॅसेट आली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, ते पुढं युनियनच्या वर्गात आलं. वरचं नाव सरोजानं वाचून दाखवलं, 'पहिली पाळी'. विडी कारखान्यात बायकांनी ते ऐकलं आणि माल द्यायचा सोडून पोट धरून हसल्या. मी श्रीधरला म्हणाले, "मेल्या, नाव ठेवताना एखाद्या बाईला विचारायचं तरी." त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा कान लाल झाले. म्हणाला, अक्का, कामाची पाळी हो, गिरणीची. पण नाव तेच राहिलं. आणि त्या कॅसेटमध्ये माझं ओरडणंही तसंच राहिलं होतं. ओरडणं, मग श्रीधरची विनवणी, मग नुसती शेडची शांतता आणि भिंतीपलीकडं रडणारं आमचं बाळ, आणि मग "वाजवा रे". दामोदर काढून टाकूया म्हणत होता. श्रीधरनं काढू दिलं नाही.

ती कॅसेट आम्ही घरी लावायचो, हे झोपताना. बाजू संपली की हे म्हणायचे, कांडी संपली काय, आणि मी उठून कॅसेट उलटी घालायची. फीत झिजली की श्रीधर दुसरी आणून द्यायचा. तो बँड पुढं टिकला नाही. इम्तियाज दुबईला गेला, श्रीधर पुण्याला नोकरीला लागला. दुसरी कॅसेट त्यांनी काढलीच नाही. पण त्या एका कॅसेटचं लोकांना कसलं वेड लागलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सोलापुरात कुणी विचारलं नव्हतं. नंतर पुण्यात, मुंबईत पोरांनी ती एकमेकांना दिली, मग मोबाइलवर आली. सरोजाच्या मुलानं, त्या सव्वा महिन्याच्या बाळानं, मला एकदा मोबाइलवर दाखवलं. कुठल्याशा कॉलेजात दुसराच बँड ती गाणी वाजवतोय, मध्येच थांबतोय, आणि समोरची हजारभर पोरं एका आवाजात ओरडतायत, माणूस झोपलंय. मग सगळे गप्प. मग हळूच कुणीतरी म्हणतं, वाजवा रे. अंगावर सदरे, त्यावर तीच अक्षरं. मी वाचली.

गेल्या वर्षी एक मुलगी आली, ऋतुजा नावाची. ती या कॅसेटवर काहीतरी लिहीत होती. चहा घेतला आणि मला म्हणाली, आजी, ते वाक्य आमच्या पिढीला फार लागलंय. माणूस झोपलाय, म्हणजे समाज झोपलाय, माणुसकी झोपलीय, त्याला जागं करा, असंच तुम्हाला म्हणायचं होतं ना?

मी म्हणाले, "नाही गं बाई. माझा नवरा झोपला होता."

मी तिला सांगितलं की आमच्या वेळी नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून माणूस. आणि जागं करा असं मुळीच म्हणायचं नव्हतं. त्याला झोपू द्या म्हणून तर गेले होते. मग बाकीचंही सांगितलं, धोटा, झोळी, चप्पल, सगळं.

तिनं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "आजी, हे मी लिहिणार नाही, पण तुम्हाला सांगते. मला झोप येत नाही. कामाचं टेन्शन असतं, काय काय असतं. तेव्हा मी हेच लावते. एवढा गोंगाट, पण डोकं शांत होतं. मैत्रिणींना सांगितलं तर हसतील."

"हसू देत," मी म्हणाले. "झोप लागते ना?"

"लागते."

मग तिनं विचारलं, आजोबा शेवटपर्यंत ऐकत होते का. मी हो म्हणाले. शेवटी काविळीनं पोट फुगलं होतं. मोठ्या दवाखान्यात आठवडाभर ठेवलं होतं, तिथं कडक शांतता. त्यांचा डोळा लागला नाही. म्हणाले, घरी ने. घरी आणलं, भिंतीकडं तोंड करून निजवलं, आणि मी कॅसेट लावली. लगेच घोरायला लागले. मी विड्या घेऊन बसले. बाजू संपली. मी हातातली विडी पुरी वळली, दोरा बांधला, आणि ते विचारतील म्हणून थांबले.

तिनं तारीख विचारली, ती सांगितली. माझे यजमान अंबादास राजमल्लू दासरी, अकरा ऑगस्ट दोन हजार नऊ, मंगळवारी दुपारी वारले.